उंचवट्याचा दर

एकोणीस वर्षं महापालिकेत
मी जमीन सपाट करत आले.
खड्डा दिसला की भर, उंचवटा दिसला की छाट.
लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला
की माझा दिवस संपायचा.

आणि आता टेबलावर हा कागद :
उंटवाडीच्या पुढे, नासर्डीच्या काठाला,
क्रीडांगणासाठी राखलेल्या, डेब्रिजनं भरलेल्या जागेत
सायकलींसाठी लाटा बांधायच्या.
लाटा.
चष्मा पुसून मी परत वाचलं.

दरसूचीत लाटेचा दर नाही.
गटाराचा आहे, कठड्याचा आहे,
झाडाभोवतीच्या पाराचाही आहे.
वळणावर भिंतीसारखी तिरकी उठणारी माती
कुठल्या बाबीत टाकायची,
हे लेखा विभागानं मला तीनदा विचारलं
आणि तीनदा मी लिहिलं, मातीकाम, किरकोळ.

जेसीबीवर निंबा अहिरे. दिंडोरीकडचा,
द्राक्षबागांना बांध घालून घालून हात बसलेला.
नकाशा त्यानं उलटा धरला, सुलटा धरला,
मग म्हणाला, "मॅडम, हे तर सरी-वरंबे.
पेरायचं काय, तेवढं सांगा."

काळी नको, म्हणाला. काळी उन्हात तडकते,
पावसात पाय धरते.
मुरूम आणा, तो अंगावर पाणी ठरू देत नाही.
आणि दोन वरंब्यांत अंतर किती?
नकाशात मीटर होते.
त्यानं हर्षाली पगारेला हाक मारली,
आठवडाभर कंपाउंडवर बसून बघणारी पोर,
सायकलला ब्रेक नाही, चप्पल हाच ब्रेक.
"जाय ना बाई, घाल गाडी."

ती गेली.
दुसऱ्या लाटेवरून उडाली, तिसरीवर आपटली,
सोललेलं कोपर फुंकत उठली, म्हणाली,
"मधली लई जवळ हाय.
श्वास घ्यायला जागाच नाय."
निंबानं मधली लाट हातभर सरकवली.
मोजमाप वहीत मी लिहिलं : अंतर, एक श्वास.
मग खोडलं, आकडा टाकला, खोडल्यावर सही केली.

समोरच्या सोसायटीतले कोठावदे रोज अर्ज आणायचे.
इथे भाजीबाजार हवा. नाहीतर पार्किंग.
नाहीतर निदान बाकं तरी.
"अहो, पोरं पडतील."
"पडतील," मी म्हणाले.
अख्ख्या कामात एवढंच एक आश्वासन
मला खात्रीनं देता आलं.

फीत कापायची तारीख दोनदा पुढे गेली.
पोरांनी तारखेला विचारलं नाही.
एका सकाळी पत्रे बाजूला, आणि आत रांग :
हेल्मेट घातलेली एक भारीतली गिअरची सायकल,
तिच्यामागे एक, जिला दुधाच्या कॅनचा हूक अजून तसाच,
तिच्यामागे कोठावद्यांचा नातू,
आजोबा दात घासत गॅलरीत असताना.

हर्षाली पायडल मारत नव्हती.
नुसती उभी, कोपरं बाहेर,
एकामागून एक लाट अंगाखालून जाऊ देत
तिनं पूर्ण फेरी मारली, आणि दुसरी.
"पाय फिरवायचेच नाही," तिनं मला शिकवलं,
"उतरताना दाबायचं, चढताना हलकं व्हायचं.
बाकीचं जमीन करती."

एकोणीस वर्षं. मला वाटत होतं,
जमीन काही करत नाही,
तिच्यावर करायचं असतं.

संध्याकाळी अंबडच्या रस्त्यानं स्कूटरवर घरी निघाले.
वळणानंतरचा तो गतिरोधक माझाच,
पांढरे पट्टे मारायचे राहून गेलेला,
सगळा रस्ता ज्याला शिव्या घालतो.
मीही रोज अलीकडेच ब्रेक दाबते.
आज दाबला नाही.
कोपरं जरा सैल सोडली,
चढताना हलकी झाले,
उतरताना दाबलं.

डिकीतल्या डब्यात चमचा
एकदाच वाजला.